बेबाकीचा दाखला

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी बाबांनी तबकात पाकीट ठेवलं आणि मयूरा ओवाळता ओवाळता थांबली. ओवाळणीचं पाकीट असं नसतं. ते लहान असतं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, आतली नोट बाहेरूनच बोटाला कळते. हे पाकीट फायलीतल्या कागदाएवढं होतं आणि ताठ होतं. तबकात ते मावेना, म्हणून बाबांनी सुपारी आणि अंगठी एका कडेला सारली आणि पाकीट तिरकं टेकवलं. निरांजनाची वात त्याच्या कडेपासून जेमतेम बोटभर लांब. "जळेल, बाबा," ती म्हणाली. "आता नाही जळत ते," बाबा म्हणाले, आणि हसले. पद्माकरराव असे क्वचित हसत. एकतीस वर्षं सहकारी बँकेत वसुली अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला हसणं परवडत नाही, असं आई म्हणायची, आणि आईला ते चांगलंच ठाऊक होतं. ते पाटावर बसले होते. पाट त्यांच्याबरोबर चिंचवडहून विमानातून आला होता, दोन चादरींत गुंडाळून. पूर्व कुठे ते मयूराच्या नवऱ्याने, यतिनने, फोनवर बघून सांगितलं होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिनाच्या या घरात पूर्व नेमकी टीव्हीच्या बाजूला होती, त्यामुळे बाबा औक्षण करून घेताना काळ्या बंद पडद्यात स्वतःकडेच बघत होते. यतिनचं औक्षण आधी उरकलं होतं. उर्वीने, तिच्या चौदा वर्षांच्या मुलीने, आपल्या बापाला ओवाळून "नो गिफ्ट कार्ड्स, डॅड" असं आधीच बजावून रोख ओवाळणी वसूल केली होती आणि आता ती सोफ्याच्या हातावर बसून फोनवर व्हिडिओ घेत होती. आजोबांनी पाकीट ठेवलं तेव्हा तिने फोन खाली केला. मयूराला ते दिसलं, पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पाकिटातून लॅमिनेट केलेला कागद निघाला. सरकारी वेबसाइटवरून छापून घेतलेला. वर तिचं नाव, त्याखाली तिच्या शिक्षणकर्जाच्या खात्याचा क्रमांक, आणि सगळ्यात खालच्या ओळीत, जिथे इतकी वर्षं एक आकडा असायचा, तिथे शून्य. शून्याच्या खाली, लॅमिनेट करण्याआधी निळ्या शाईने, बाबांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात एकच शब्द होता: बेबाक. पुढे तारीख आणि सही. "बँकेत शेवटचा हप्ता आला की बेबाकीचा दाखला मी हाताने लिहून द्यायचो," बाबा यतिनला सांगायला लागले. "याच्याकडे आता काही बाकी नाही, एवढाच मजकूर. टाइप केलेला चालायचा नाही लोकांना. रिक्षावाले तो देवापुढे ठेवून मग पेढे घेऊन बँकेत यायचे. ही इकडची वेबसाइट नुसतं शून्य दाखवते. म्हटलं, माझ्या मुलीला दाखला कोण देणार?" यतिनने कागद हातात घेतला, मागेपुढे करून पाहिला आणि मयूराकडे पाहिलं. "बाबा, हे कधी केलंत?" "झाले पंधरा दिवस. शून्य दिसेपर्यंत थांबलो, मग छापलं." फ्लॅट विकून आलेल्या पैशांतला मोठा तुकडा गेला असणार, हे यतिनच्या डोळ्यांत आधी उमटलं आणि दुसरं, जास्त अवघड, ते मागाहून. त्याने तोंड उघडलं. मयूराने मान हलवली, आत्ता नको. तिने वाकून बाबांना नमस्कार केला. ओवाळणी परत करता येत नाही. तबकात पडलं ते पडलं.

मग ती फराळाच्या ताटल्या भरायच्या निमित्ताने ओट्याशी गेली आणि चकल्या मोजून ठेवाव्यात तशा एकेक ठेवत उभी राहिली. राग येत होता, पण कसला ते सापडत नव्हतं. पैशांचा म्हणावा तर पैसे तिचे नव्हतेच. बाबांचा म्हणावा तर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पाटावर बसून पेढा खात होता आणि आपण केलं ते किती छान केलं म्हणून पाय हलवत होता. खिडकीबाहेर नव्या घरांची रांग होती, प्रत्येकाच्या दारात कालच्या रांगोळीचा रंग वाऱ्याने शेजाऱ्याच्या दारात नेलेला. पश्चिमेकडून येणारा तो वारा इथल्या नोव्हेंबरातल्या वसंतात कधी थांबतच नाही, नुसते गवताचे परागकण नाकात भरतो. ती दोनदा शिंकली. मागून यतिन म्हणाला, "मयू, सांगावं लागेल त्यांना." "फराळ होऊ दे." "पण साइटवर स्पष्ट लिहिलंय, आपणहून भरलेलं परत मिळत नाही. मी आत्ताच बघितलं. सोमवारी फोन करतो मी, पण होपलेस आहे ते." त्याचा आवाज हळू होता आणि त्यात खरी कळकळ होती. यतिन चांगला माणूस आहे, हे तिला अशा वेळी हटकून आठवायचं, आणि आठवलं की चिडचिड व्हायची.

कर्ज तिचं तसं हे दुसरं. पहिलं बाबांचं होतं, नावाला तिचं. दोन हजार सहा साली पुण्यात जिकडे बघावं तिकडे ऑस्ट्रेलियाच्या एजंटांच्या पाट्या होत्या आणि प्रत्येक एजंटकडे कोणत्या धंद्यांना कायमचा व्हिसा मिळतो त्याची यादी होती. यादीत अकाउंटंट होते, आचारी होते, न्हावी होते. बाबांनी यादी चष्मा लावून वाचली, तिला न विचारता अकाउंटिंगवर बोट ठेवलं आणि फ्लॅट गहाण टाकला. वसुली अधिकारी असून गहाणखतावर सही करताना त्यांचा हात अडखळला नाही, हे आई कौतुकाने सांगायची. मग युनिव्हर्सिटीजवळचं, क्लेटनचं ते भाड्याचं घर आलं. सात मुली, चार गाद्या, आणि त्यातही कधी भांडण नाही, कारण तिघी नेहमी कुठल्या ना कुठल्या शिफ्टला. फ्रीजमध्ये प्रत्येकीच्या नावाची कणीक. युनिच्या लायब्ररीत खुर्ची मिळवण्यासाठी रांग, तासाला मिळतील त्या डॉलरवर ऑफिसं पुसायची रांग, आणि प्रत्येक रांगेत आपल्या पुढे एक पंजाबी आणि मागे एक तेलुगू. ताळेबंदाची वही उघडली की मयूराला झोप यायची. त्या पदवीतून व्हिसा निघाला, नोकरी कधी निघाली नाही. मंदी आली, कॉल सेंटर आलं, पार्सलं निवडायचं गोदाम आलं, तिथेच यतिन आला. पण हप्ते पाठवणं दोन वर्षं जमलं नाही. ते बाबांनी आपल्या फंडातून भरले आणि एक शब्द बोलले नाहीत. दर रविवारी फोनवर ते हवापाणी विचारायचे. लोकांच्या दारात जाऊन तगादा लावण्यात हयात गेलेला माणूस, पोटच्या पोरीला एकदाही विचारत नाही की पैसे कधी पाठवतेस. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं तरी तिला मोकळं रडता आलं असतं. तसं झालं नाही, आणि ते न विचारणं तिच्या खांद्यावर कायमचं बसलं.

म्हणून दुसरं कर्ज तिला आवडलं होतं. कर्ज आवडलं असं कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, पण आवडलं होतं. नागरिकत्व मिळाल्यावर, बत्तिसाव्या वर्षी, ती प्राथमिक शिक्षिकेच्या अभ्यासाला बसली. सरकारी कर्जाचा अर्ज दोन पानांचा होता. त्यात तिने जामीनदाराचा रकाना शोधला होता. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तरी सापडला नाही. कुणाचं नाव नको, कुणाचा फ्लॅट नको, वडील काय करतात हा प्रश्नसुद्धा नाही. फक्त तिचं नाव आणि तिची सही. त्या दिवशी युनितून बाहेर पडताना ती उगाचच एक स्टॉप चालत गेली होती. आज त्या खात्यावर बाबांची सही होती, निळ्या शाईतली. चकल्यांची ताटली हातात धरून उभी असताना तिला हे एवढं कळलं. मग तिला हेही कळलं की हे खरं असलं तरी पुरतं नाही. आणखी खाली काहीतरी आहे, आणि त्याच्याकडे तिला बघायचं नाही.

अतिदुर्गम भागातल्या शाळेत चार वर्षं शिकवा, शिक्षणकर्ज माफ. ही योजना शोधून काढली यतिननेच. त्याने त्याचा तक्ता केला होता. घर नुकतंच घेतलेलं, व्याज, उर्वीचं पुढचं शिक्षण, सगळं वेगवेगळ्या रंगांत. "चार वर्षं, मयू. सुट्ट्यांत तू इथेच असशील. उर्वीसाठी करायचं." उर्वी नऊ वर्षांची होती. मित्रमंडळात सगळ्यांनी हळहळ केली. बायका म्हणाल्या, कशी राहशील गं, लेकराला सोडून. मयूराही म्हणाली, काय करणार, करायला हवं. विमानतळावर ती रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण उत्तर टोकाच्या डार्विनहून पुढे नऊ माणसांचं छोटं विमान उडालं, खाली रस्ता संपला, मग नुसती झाडं आणि लाल माती आणि वाळलेल्या नदीचं पात्र, आणि तिच्या लक्षात आलं की आपण पाय सैल सोडून बसलो आहोत. कधीपासून आवळले होते कोण जाणे. बाबांना दोघांनी सांगितलं की सरकारी बदली आहे. माफी हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. बँकेच्या काळात कधी माफीची यादी जाहीर झाली की ते जेवायचे नाहीत. ज्याने बायकोच्या बांगड्या मोडून हप्ता भरला तो मूर्ख ठरला, एवढंच म्हणायचे आणि ताटावरून उठायचे. तेव्हा बदली. बदलीला ते मान डोलवत, नोकरी म्हटली की बदली आलीच.

तिथे काय होतं, हे तिने कुणाला नीट सांगितलं नव्हतं. विचारलं की ती उकाडा, माश्या, आठवड्यातून दोनदा येणारं टपालाचं विमान असलं सांगायची, आणि लोक चुकचुकायचे. मूळनिवासींच्या वस्तीतल्या त्या शाळेत चाळीस मुलं. तिच्या वर्गात तिसरी-चौथीची अकरा, कधी सहा, पावसाचं पाणी तुंबलं की दोन. मुलांची भाषा वेगळी, इंग्रजी त्यांनाही परकीच. डोरीन नावाची गावातलीच एक प्रौढ बाई मदतनीस म्हणून वर्गात असायची, ती सकाळी आधी त्यांच्या भाषेत बोलायची, मग मयूराला मान हलवून सांगायची, आता तू. पहिले दोन महिने डोरीन तिच्याशी जवळपास बोललीच नाही. मयूराने त्याचा फार विचार केला होता, आपलं काय चुकलं, कुणाला विचारावं. मग एका शुक्रवारी मुलांना शाळेच्या ट्रूपीतून, मागे दोन लांब बाकं असलेल्या त्या मोठ्या जीपमधून, पाणवठ्यावर नेलं. मुलं पाण्यात गेली. डोरीन आणि ती सावलीत बसल्या. तासभर कुणी काही बोललं नाही, आणि त्या तासाच्या शेवटी मयूराला कळलं की काही चुकलेलं नाही, इथे गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं असतं. त्यात कुणी कुणावर उपकार करत नसतं. त्या दिवशी परतताना डोरीनने ट्रूपीची किल्ली तिच्याकडे दिली. खडखडणाऱ्या एसीच्या दोन खोल्यांत ती त्या दिवसापासून अशी झोपायला लागली की सकाळी गालावर उशीची नक्षी असायची. ती तिथे कुणाची मुलगी नव्हती, कुणाचे हप्ते बुडवलेले नव्हते. वर्गात शिकवायचं, गाडी चालवायची, झोपायचं. एवढ्यावर माणूस सुखी होतं, आणि ते लेकराला तीन हजार किलोमीटरवर सोडून होता येतं, ही गोष्ट तिने स्वतःपाशीसुद्धा चार वर्षं दुसऱ्याच नावाने ठेवली होती. कर्ज, हे ते नाव होतं. मनातल्या मनात म्हणायची, काय करणार, कर्ज आहे ना.

चार वर्षं संपली, ती परत आली, आई गेली, बाबांनी फ्लॅट विकला आणि ते पाटासकट आले. तिने जवळच्याच शाळेत नोकरी धरली आणि माफीचा अर्ज केला. दहा महिने त्याच्यावर 'तपासणी चालू' असंच येत होतं. अडलं होतं ते चौदा आठवड्यांवर. कोविडमध्ये त्या वस्तीने बाहेरच्यांना बंदी केली होती, तेव्हा तिने इथून, याच ओट्याशी बसून, फोनवर मुलांना शिकवलं होतं. ते चौदा आठवडे अतिदुर्गम भागातले धरायचे की ट्रुगानिनातले, हे ठरवायला कुणालातरी दहा महिने लागत होते. नाही धरले, तर ते भरून द्यायला परत जावं लागणार. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती फोनवर अर्ज उघडून बघायची. यतिन म्हणायचा, नको टेन्शन घेऊस, मिळेल. आणि परवा, गुरुवारी दुपारी, तिकडच्या मुख्याध्यापिकेचा, गेलचा, मेसेज आला होता. तिसरी-चौथीला वर्षभर कायमची शिक्षिका मिळाली नाही, डोरीन विचारते आहे, नव्या वर्षी येतेस का, सोमवारपर्यंत कळव. हा मेसेज तिने कुणाला दाखवला नव्हता. अर्जाचं उत्तर उलटं आलं की मग दाखवायचा, काय करणार, जावं लागतंय. असं तिने ठरवलं नव्हतं. पण तसंच होतं. चकल्यांची ताटली ओट्यावर ठेवून तिने हात पुसले आणि आता तिला त्या खालच्या गोष्टीकडे बघावंच लागलं. बाबांनी कर्ज फेडलं नव्हतं. तिचं कारण नेलं होतं.

बाहेरच्या खोलीत यतिनला धीर निघाला नव्हता. ती ताटल्या घेऊन गेली तोवर तो सांगून मोकळा झाला होता, आणि बाबा पाटावरून उठून जेवणाच्या टेबलाशी बसले होते, लॅमिनेट केलेला कागद समोर. "माफ होणार होतं?" त्यांनी तिला विचारलं. आवाज तिच्या लहानपणचा, बँकेतला. "होय, बाबा." "चार वर्षं तू त्याच्यासाठी गेली होतीस? मला बदली सांगितलंत तुम्ही." "तुम्हाला माफी आवडली नसती." "नसतीच आवडली," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ ते कागदाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. "पण अगं, चार वर्षं राबून मिळते ती माफी कशी? तो पगार झाला. दुसऱ्या रूपातला. एवढं मला कळलं नसतं का?" यतिन म्हणाला, "बाबा, तुमचा इंटेन्शन..." आणि पुढे मराठी न सापडून थांबला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "म्हणजे माझ्यामुळे तुझी चार वर्षं फुकट गेली," ते म्हणाले. मयूराने नाही म्हणायला हवं होतं. तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर त्यांचा चेहरा सावरला असता. पण ते वाक्य म्हटलं की त्याच्यापुढचंही म्हणावं लागणार होतं. "कपडे आणते, वारा सुटलाय," असं म्हणून ती मागच्या दाराने बाहेर गेली.

दोरीवरचे कपडे आडवे झाले होते. उर्वी आधीच तिथे होती, गवतात पडलेले चिमटे गोळा करत. टोपलीत चिमटे टाकता टाकता, वर न बघता ती म्हणाली, "ते पेमेंट मी केलं. आजोबांना अ‍ॅप जमत नाही." मयूराचा हात चादरीवर थांबला. "त्यांनी तुझं लोनचं लेटर फाइल करताना बघितलं. मला म्हणाले, सरप्राइज आहे, आईला सांगू नकोस." "तुला माहीत होतं ना, उर्वी, ते माफ होणार होतं?" "येस." "मग आजोबांना सांगितलं का नाहीस?" उर्वीने चिमट्यांची टोपली पायाने थोडी सारली. ती आता जवळजवळ मयूराएवढी उंच झाली होती, हे उंच होणं मयूराने सुट्ट्यांसुट्ट्यांत तुकड्यांनी पाहिलं होतं. "तू रोज मॉर्निंगला ते चेक करायचीस. डॅडला वाटायचं तू वरीड आहेस. मी ब्रेकफास्ट करताना समोरच असते, मम. ते अजून चालू आहे असं आलं की तू रिलॅक्स व्हायचीस. एव्हरी सिंगल डे. तू कप धुताना गुणगुणायचीस." वाऱ्याने चादर दोघींच्या मधे आली आणि गेली. "मग मला कळलं. त्यांनी नो म्हटलं तर तू परत जाणार. सो आय थॉट, झीरो करून टाकू. मग देअर्ज नो रीझन."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. एवढे पैसे, आजोबांचे, तुला कळतं का, असं रागावता आलं असतं. जवळ घेऊन, वेडी आहेस का, मी कशाला जाईन, असं म्हणता आलं असतं, आणि ते तर तोंडाशी तयारच होतं. चार वर्षं दर टर्मला विमानतळावर ती हेच थोड्या वेगळ्या शब्दांत म्हणत आली होती. उर्वी वाट बघत होती. तिच्या कपाळावर सकाळचं कुंकू होतं, घामाने जरा पसरलेलं, आणि ती रडत नव्हती. मयूराला एकदम भीती वाटली. पैशांची नाही, बाबांची नाही. या मुलीसमोर आत्ता खोटं बोललं तर पुन्हा कधी खरं बोलता येणार नाही, याची. "मला अजूनही जायचंय," ती म्हणाली. हे शब्द तिने याआधी कधी उच्चारले नव्हते. त्यांच्यापुढे 'कारण' यायला हवं होतं, सवयीने तिने त्याची वाट पाहिली, आणि ते आलं नाही. "आय नो," उर्वी म्हणाली. "रागावलीस?" "ऑफ कोर्स रागावले." तिने दोरीवरून स्वतःचा टी-शर्ट ओढून काढला, चिमटा उडून कुंपणाला लागला. "पण मग डॅडला तसं सांग. आजोबांना सांग. लोन-बिन नको सांगूस. आणि माझ्या फ्युचरसाठी आहे असं पण नको सांगूस. लास्ट टाइम तसं सांगितलेलंस. मी नऊ वर्षांची होते, मला वाटलं माझ्यामुळे गेलीस."

चादर काढून मयूराने टोपलीत टाकली, गोळा करून, घडी न घालता, आणि आत गेली. आत यतिन सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून सरकारला लिहायच्या ईमेलचा मसुदा करत होता. बाबा टेबलाशी भाजीची सुरी घेऊन बसले होते. लॅमिनेट केलेल्या कागदाची कड त्यांनी एका बाजूने फाडत आणली होती आणि सुरीचं टोक आत घालून ते प्लॅस्टिक सोडवू पाहत होते. "काय करताय, बाबा?" "चुकीचा दाखला रेकॉर्डवर ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "नियम आहे. रद्द करून वर शेरा मारायचा." तिने त्यांच्या हातून सुरी काढून घेतली आणि कागद सरळ करून त्यांच्यापुढे ठेवला. "दाखला बरोबर आहे, बाबा. माझ्याकडे काही बाकी नाही राहिलं. चार वर्षंही फुकट नाही गेली." मग तिने श्वास घेतला. "मला तिकडे परत जायचंय. त्या शाळेत. त्यांनी विचारलंय. सोमवारी हो कळवायचंय."

यतिनने मान वर केली. "पण आता गरज काय?" त्याने विचारलं. अगदी साधा, रास्त प्रश्न होता. बाबांनी मात्र हात वर करून त्याला थांबवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कशासाठी?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षं समोरच्या खुर्चीतल्या माणसाला ते हेच विचारत आले होते. पुढे काय येतं हेही त्यांना पाठ होतं. आजारपण, लग्नकार्य, धंद्यातली खोट. तिच्या ओठांशी सगळी जुनी कारणं ओळीने येऊन उभी राहिली, घराचं व्याज, पगारातला दुर्गम भत्ता, मुलांना शिक्षिका नाही हे तर खरंच होतं. मागचं जाळीचं दार वाजलं. उर्वी टोपली घेऊन दारात उभी होती, आत येत नव्हती, बाहेरही जात नव्हती.

"मला तिथं बरं वाटतं," मयूरा म्हणाली. "दुसरं काही नाही."

यतिनने फोन पालथा ठेवला. त्याचा चेहरा बघवेना, तरी तिने बघितला. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही, बाबा." तिला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील, आईचं नाव काढतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी फाटक्या कडेचा दाखला उचलला, तबकातलं विझलेलं निरांजन बाजूला केलं आणि तो पुन्हा तिरका टेकवून ठेवला. उर्वी आत आली. टोपली सोफ्यासमोर उपडी करून ती खाली बसली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. डॅडचे, आजोबांचे आणि स्वतःचे एका ढिगात. मयूराचे दुसऱ्या ढिगात, वेगळे, प्रवासाला काढून ठेवतात तसे. मयूरा बघत राहिली. तिने तिला थांबवलं नाही.